किल्ली कोणाच्या खिशात?

वस्तू विकत घेतली की ती आपली झाली, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की, संगणकाच्या जगाने ती केव्हाच मोडीत काढली हे अनेकांच्या ध्यानातच आलेले नाही. शिलाई यंत्र घेतले, ते दोन-दोन पिढ्या चालले. त्याने कधी मालकाकडे ओळखपत्र मागितले नाही. आज मात्र मुलगी शाळेचा प्रकल्प लिहायला, सून हिशेब जुळवायला किंवा आजोबा सोसायटीचे इतिवृत्त टंकायला बसतात आणि पडद्यावर सूचना झळकते : परवाना तपासता आला नाही, पुन्हा साइन-इन करा. फाइल समोर दिसते, वाचताही येते. पण तिच्यात एक स्वल्पविराम घालता येत नाही.

हे एका रात्रीत घडलेले नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ साली ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी आणताना ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चा बडगा उगारला. एका सीडीवर दहा संगणक चालवण्याच्या प्रथेला आळा घालणे हा त्याचा हेतू होता आणि ती प्रथा आपल्याकडे किती बोकाळली होती, हे काही वेगळे सांगायला नको. पुढे जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ ही वर्गणीची योजना आली, २०१३ मध्ये ती घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि एप्रिल २०२० पासून ती मायक्रोसॉफ्ट ३६५ या नावाने विकली जाऊ लागली. एकरकमी विकत घ्यायचे ऑफिस २०२४ आजही मिळते. पण बाजाराचा ओघ वर्गणीकडेच आहे.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला या व्यवहारात लॉकर दिसतो. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि दुसरी बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. इथेही तसेच आहे. प्रोग्राम आपल्या यंत्रात असतो, परवान्याची नोंद कंपनीकडे असते. घरगुती योजनेत ३१ दिवसांतून निदान एकदा यंत्राला इंटरनेटवरून ती नोंद पडताळावी लागते. ती पडताळली गेली नाही, तर फाइल वाचण्यापुरती आणि छापण्यापुरतीच उरते. फरक इतकाच की, लॉकरमध्ये दागिने बँकेकडे असतात. इथे कागद आपल्याच कपाटात आणि कुलूप मात्र लेखणीला!

मग हे कुलूप अडते कुठे? पुष्कळदा दोष यंत्रात नसून ओळखीत असतो. एकाच माणसाची दोन खाती असतात, एक घरचे आणि एक कचेरीचे. वर्गणी एका खात्यावर आणि साइन-इन दुसऱ्याने, असे झाले की परवाना सापडणार कसा? तेव्हा आधी खाते तपासावे, मग वर्गणीची मुदत. त्यानंतर संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या यंत्रातली छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि पडताळणी फसते. नवीन लॅपटॉपवर आधीपासून असलेली ऑफिसची दुसरी प्रतही गोंधळ घालते. ती काढून टाकावी. शेवटी अँटिव्हायरस किंवा कचेरीचे व्हीपीएन वाट अडवते आहे का, ते बघावे. या क्रमाने गेले तर निम्मी डोकेदुखी घरीच मिटते.

दुसरे कारण पैशाचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वसुलीला ग्राहकाची स्वतंत्र संमती लागते आणि रक्कम वळती करण्याच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. परंतु कार्ड बदलले, जुनी संमती गळाली आणि सूचना वाचलीच गेली नाही, तर वर्गणी गुपचूप संपते. कुटुंब योजनेत सहा जण एकाच वर्गणीवर असतात. वर्गणी भरणारा मुलगा परदेशी, आणि लेखणी बंद पडते ती सांगलीतल्या आईची.

खरा धोका त्यापुढे आहे. घाबरलेला माणूस इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधतो आणि अलगद भामट्याच्या हाती सापडतो. परवाना सुरू करून देतो, असे सांगून समोरचा माणूस दूरनियंत्रणाचे अ‍ॅप उतरवायला लावतो. अशा एका अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. छोट्याशा वर्गणीपायी मुदतठेव गमावू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. लगेच मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. भारतातली कंपनी, भारतातले कर्मचारी, पैसे भरलेले, आणि टपाल मात्र बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही कथा, तर तुमच्या-आमच्यासारख्यांनी कोणाचे दार ठोठवायचे?

वर्गणीची पद्धत वाईटच आहे, असे नव्हे. सुधारणा वेळेवर मिळतात, फाइल कोठूनही उघडते. पण दुसरी किल्ली परक्याच्या खिशात आहे, याचे भान हवे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत खुल्या स्वरूपात, बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. लिब्रेऑफिससारखे मोफत साधन घरातल्या एका यंत्रावर तरी असावे. तिथे पडताळणीचा जाच नाही. आणि घरच्या वहीत एक पान राखून ठेवावे : वर्गणी कोणत्या खात्यावर आहे, ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो, नूतनीकरणाची तारीख काय. ठेवीला नामनिर्देशन करतो, तितक्याच गांभीर्याने हे पान लिहावे. कारण कर्ता माणूस गेल्यावर त्याचा मोबाइल बंद होतो आणि त्याबरोबर घरातली सारी दारेही.

सरकारने आणि ग्राहक चळवळीने एवढा तरी आग्रह धरावा की, परवाना रोखण्याआधी पुरेशी मुदत मिळावी आणि चूक झाल्यास ऐकून घेणारा माणूस असावा. लॉकर फोडण्यापूर्वी बँकेलाही नोटीस द्यावी लागते. लेखणीला कुलूप घालणाऱ्याला ती का नको?