अमेरिकेची जकात आणि मुधोळचा कापूस

अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्याकडील सुशिक्षितांत दोन मते आढळतात. एका पक्षाच्या मते २०१६ नंतर तेथे जे घडले ते एका लहरी पुढाऱ्याचे चाळे होत. दुसरा पक्ष म्हणतो, परक्याच्या घरच्या भांडणाचे आपणांस सोयरसुतक कशाला? ही दोन्ही मते किती पोकळ आहेत, हे मुधोळच्या कापसाच्या शेतात उभे राहिले म्हणजे कळते.

प्रथम लहरीविषयी. १९७९ साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसे कामावर होती. २०१० च्या आरंभी ती संख्या १ कोटी १५ लाखांवर आली. १९९४ चा उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार करार, २००१ साली जागतिक व्यापार संघटनेत झालेला चीनचा प्रवेश, यंत्रांची वाढती हुकमत आणि २००८ चे आर्थिक अरिष्ट, या साऱ्यांच्या माऱ्याखाली जुनी कारखानदार गावे खचली. त्या संतापाला २०१६ च्या निवडणुकीत वाचा फुटली. औषध चुकीचे असेल. दुखणे मात्र खोटे नव्हते.

२०१८ साली अमेरिकेने चीनशी जकातीचे युद्ध आरंभिले. चीनने उलट जकात बसविताच अमेरिकन शेतकऱ्याचा माल अडला. तेव्हा त्या सरकारने काय केले? २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांच्या पिकांसाठी २,००० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खजिन्यातून शेतकऱ्यांना दिली. कापूस पिकविणारेही त्यात होते. युद्ध सरकारने पुकारले, त्याची झळ सरकारने सोसली.

आता आपल्या घरी पाहा. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली. कापडगिरण्यांना दिलासा मिळावा म्हणून दिल्लीने त्यापूर्वीच, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर उठविला. ३० सप्टेंबरची मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे वेचणी सुरू होऊन नवा कापूस भैंशाच्या बाजारात येण्याच्या ऐन हंगामात दार सताड उघडे! अमेरिकेने उगारलेला सोटा गिरणीवर होता. आपण तो शेतकऱ्याच्या पाठीवर वळविला.

गिरणी बंद पडली तर हजारो मजुरांच्या चुली विझतील, हा युक्तिवाद खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु गिरणीला आधार द्यायचा तर तो खजिन्यातून द्यावा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या भावातून का? हमीभाव आहेच, असे कोणी म्हणेल. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाले. पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या बटईदाराने हमीभावाचा कागद कोठून आणावा? त्याला उरतो तो व्यापारी, आणि व्यापाऱ्यापुढे असतो आयात रुईचा भाव.

मुधोळचा आवाज क्षीण असण्याला आणखी एक कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. पुढे २०१४ साली तेलंगण झाले आणि २०१६ साली निर्मळ जिल्हा. फलक बदलले, तरी घराघरांतून मराठी टिकली. मुंबईच्या लेखी हा शेतकरी परराज्यातला, हैदराबादच्या लेखी कडेचा. सीमेवर राहणे म्हणजे काय, हे मराठी-कोंकणी वाचकांना निराळे सांगावयास नको.

म्हणून अमेरिकेला शिव्या देऊन समाधान मानणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: तिची जकात उचलू नका, पण तिचा हिशेब उचला. राष्ट्राच्या नावाने जो निर्णय होतो, त्याची किंमत राष्ट्राच्या तिजोरीने मोजावी. ती मुधोळच्या बटईदाराकडून वसूल करण्याला मुत्सद्देगिरी म्हणत नाहीत.