वस्तीवरचा बिनतारी संच



गेल्या रब्बीत ईटजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. तिथे दोघा भावांनी आदल्या रात्रीची हकिकत सांगितली. रात्रपाळीची वीज होती. थोरला खाली ओढ्याकाठी विहिरीवर, मोटारीच्या केबलचा सुटलेला जोड बांधत होता. धाकटा वर वस्तीवर स्टार्टरच्या पेटीजवळ. मध्ये टेकाड, मोबाईलला रेंज नाही, म्हणून दोघांच्या हाती वॉकीटॉकी. थोरला म्हणाला, “मोटार चालू करू नको.” पण घाईत त्याचे बोट बटणावरून आधीच उठले. शेवटचा “नको” हवेतच राहिला आणि धाकट्याने मोटार चालू केली. बॅटरी धरायला थोरल्याने त्याच क्षणी जोडावरचा हात काढला होता, म्हणून तो आज आहे.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे या संचावर बोलताना विसरू नका. “चालू करू नको” असे म्हणूच नका. “बंद ठेव” म्हणा. बटण दाबा, मनात एक आकडा मोजा, मग बोला. बोलणे संपल्यावर पुन्हा एक आकडा मोजून बोट उचला. ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा, “बंद ठेवतो.” परत म्हटला नाही तर निरोप पोहोचला नाही असे समजा. आणि विजेच्या जोडाला हात लावायचा असेल तर नुसत्या शब्दावर विसंबू नका. मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि ते जोड बांधणाऱ्याच्या खिशात राहू द्या.

संच वाईट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, तेव्हा हॅम म्हणजे परवानाधारक हौशी बिनतारी चालक आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि मदतीचे निरोप त्यांनी पोहोचवले. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यात वाघ दिसल्यापासून आपल्या जिल्ह्यात रात्री एकट्याने पाणी धरायला कोणाचाही जीव धजत नाही. अशा वेळी हाताशी आवाज असलेला बरा. मात्र हे संच साधारणपणे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यातच चालतात. बालाघाटाचा एखादा डोंगर मध्ये आला की आवाज तुटतो. खोऱ्यात अडकलात तर थोडे उंचावर जाऊन बोला. पण आकाशात वीज कडाडत असेल तर टेकडीवर चढू नका, तेव्हा आधी निवारा गाठा.

आता बॅटरीविषयी. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात. मी बोलतो आहे ती संचाच्या पाठीला बसणारी चपटी बॅटरी. ती बहुधा लिथियमची असते. तिच्यात थोड्या जागेत बरीच शक्ती कोंडलेली असते, म्हणून तिला चुलीतल्या निखाऱ्याइतकेच जपा.

चार्जर ज्या संचाचा, त्याच संचाला लावा. गोधडीवर, उशीखाली, कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या ढिगावर चार्जिंगला ठेवू नका. फरशीवर किंवा दगडी कट्ट्यावर, जाग्या माणसाच्या नजरेसमोर ठेवा. रात्रभर लावून झोपू नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या टपावर आणि खव्याच्या भट्टीशेजारी बॅटरी तापते, तिथे ती ठेवू नका. सुटी बॅटरी खिळे, चाव्या, नाणी यांच्याबरोबर एका पिशवीत टाकू नका. दोन्ही टोके धातूने जोडली गेली की ठिणगी पडते आणि आग लागते. संच भिजला तर तो बंद करून बॅटरी काढा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

बॅटरी फुगली, चिरली, विचित्र वास येऊ लागला किंवा हात लावताच भाजू लागली, तर ती वापरातून काढाच. टोचून पाहू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराकडे तसा आग्रह धरा. धूर निघू लागलाच तर लेकरांना बाहेर काढा. मेन स्विच हाताशी असेल तर बंद करा, मग दुरून भरपूर पाणी ओता. तो धूर विषारी असतो, तो छातीत घेऊ नका.

एक धोका पुष्कळांच्या ध्यानीमनी नसतो. आपल्याकडे विहिरी खडकात सुरुंग लावून खोदतात. विजेवर उडणाऱ्या टोट्याच्या तारांजवळ संचाचे बटण दाबले, तर संचाच्या लहरींनी सुरुंग अवेळी उडू शकतो. म्हणून सुरुंग भरण्यापूर्वीच वॉकीटॉकी आणि मोबाईल बंद करून लांब ठेवा. स्फोट झाल्यावर सुरुंग उडवणाऱ्या परवानाधारकाने सांगेपर्यंत ते चालू करू नका. फवारणीच्या पंपात पेट्रोल भरतानाही संचाची बॅटरी काढू किंवा घालू नका.

बोलताना संच तोंडापासून चार बोटे दूर धरा, अँटेना डोळ्यांपासून लांब ठेवा. अँटेना काढून बटण दाबू नका, संच बिघडतो.

खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त संचाला परवाना लागत नाही. इतर बहुतेक संचांना लागतो. ही माहिती न देता ऑनलाइन संच विकले जातात म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. दुकानदाराकडून पट्टा आणि सरकारी मान्यता पावतीवर लिहून घ्या.

त्या दोघा भावांनी आता स्टार्टरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवले आहे, “बंद ठेव. परत म्हण. फ्यूज खिशात.” तुमच्या पेटीवरही तेवढे लिहा, आणि घरातल्या मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.