वाडा घनफुटाने विकू देऊ नका

मे महिना संपत आला की जुन्नर शहरात आणि आंबेगाव तालुक्यातल्या मोठ्या गावांत जुन्या घरांच्या देवड्यांवर नोटिसा चिकटतात. इमारत धोकादायक आहे, पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करा अथवा उतरवून घ्या, जीवितहानी झाल्यास जबाबदारी मालकाची. मजकूर वर्षानुवर्षे बदललेला नाही. यातला ‘दुरुस्त करा’ हा पर्याय फक्त कागदावर आहे, अशी तक्रार आमच्या संघटनेकडे सतत येते आणि ती खरी आहे. वाडा पाडायला निघालेल्या माणसाला कोणी अडवत नाही. दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाची मात्र फाईल तयार होते आणि ती फिरत राहते.

फाईल अडते कुठे? पहिले टेबल मालकीचे. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचे नाव, गावठाणाची मोजणी झालेली नसेल तर हाताशी फक्त ग्रामपंचायतीचा उतारा. वारस मुंबईत, पुण्यात, काही परदेशात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लेकींचाही हिस्सा आला, तो यायलाच हवा होता. पण एक तुळई बदलायला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागायची आणि तोवर त्या तुळईवरचा मजला उभा राहील असे धरून चालायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

दुसरे टेबल स्थैर्य प्रमाणपत्राचे. नमुना आरसीसीचा. काँक्रीटची प्रत कोणती, सळई किती, कॉलम किती बाय किती? सागवानी सांगाडा, भेंड्याच्या भिंती आणि घडीव दगडाचे जोते असलेल्या घराला त्या रकान्यांत जागाच नाही. मग अभियंता ‘लागू नाही’ लिहितो आणि फाईल त्रुटी पूर्ततेसाठी परत येते. लाकडी बांधणीसाठी आयएस 883 आहे, चुन्यासाठी आयएस 712 आहे, चुन्याच्या गिलाव्यासाठी आयएस 2394 आहे. देशाची मानके आहेत, ती नमुन्यात उतरवायला कोणी बसत नाही. हे काम एका दुपारचे आहे.

तिसरे टेबल पुरातत्त्वाचे. घर केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत असेल तर नवे बांधकाम बंद. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. हा नियम आम्हाला मान्य आहे. पण याच प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम 20 सी नुसार 16 जून 1992 पूर्वीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते, हे किती कार्यालये अर्जदाराला आपणहून सांगतात? ‘तिथे काही होत नाही’ एवढे ऐकून माणूस परत फिरतो. जुलै 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. किल्ल्याला मान मिळाला, आता पायथ्याच्या गावाची जुनी घरे या आळसात पडू देणार का?

परत फिरलेल्या मालकाकडे चौथा माणूस येतो. तो फाईल मागत नाही, टेप काढतो. खांब, तुळया, कडीपाट, तक्तपोशी मोजतो आणि सागाचा घनफुटाचा भाव सांगतो. नक्षीचे हस्त आणि चौकटी वेगळ्या दराने. आठवडाभरात ट्रक भरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर असे लाकडाच्या वजाबाकीत संपते.

आमच्या सभासदांनी असा उतरवलेला खांब एकदा नीट पाहावा. सडलेला भाग बहुधा तळखड्यालगतचा, वीतभर किंवा फारतर हातभर. ओल तिथूनच चढते. त्याच्या वरचे लाकूड रंध्यासमोर ठणठणीत निघते. तेवढा बुडखा कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा, लाकडी खुंट्या मारायच्या, तळखडा पुन्हा समपातळीत घ्यायचा. तुळईला तात्पुरते टेके देऊन हे काम होते आणि करणारे सुतार अजून आहेत. त्या एका हातभर कुजीवरून सबंध वाड्याला ‘धोकादायक’ म्हणणारे प्रमाणपत्र कोणाच्या सहीने निघते? आपल्याच, अभियंत्यांच्या.

वाड्याच्या लाकडाच्या विक्रीबाबत एक कायदा आहे, त्याची आठवण कोणी करून देत नाही. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायद्यात पुरावशेषाच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते. अट एवढीच, की ती किमान शंभर वर्षांची हवी. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. म्हणजे दीडशे वर्षांच्या वाड्याचा कोरीव खांब वखारीत जळाऊ लाकडाच्या शेजारी आडवा टाकणे हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही. किती वखारींची तपासणी झाली, हे पुरातत्त्व खात्याने जाहीर करावे.

मुंबईतल्या नामांकित घरांची गत पाहिली तर कळते की पैसा असूनही घर वाचेलच असे नाही. मलबार हिलवरचा होमी भाभांचा ‘मेहरांगीर’ 2014 साली 372 कोटींना लिलावात गेला. राष्ट्रीय स्मारक करा ही मागणी उठली ती लिलावाच्या तोंडावर, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2016 मध्ये बंगला जमीनदोस्त झाला. क्लॉड बॅटली यांनी वांकानेरच्या महाराजांसाठी 1933 मध्ये उभारलेले वांकानेर हाउस, म्हणजे पुढचे लिंकन हाउस, 2015 मध्ये 750 कोटींना विकले गेल्याची घोषणा झाली, पण जागेच्या मालकीच्या वादात व्यवहार अडकला. ते घर मुंबईच्या वारसा यादीत आहे. घर बाजारात येण्याआधी त्याची नोंद झालेली असावी लागते, नंतरचा आक्रोश उपयोगाचा नसतो.

वाड्यांच्या बाबतीत नोंदीला एक अडचण येते. बॅटलींचे नाव असले की यादी करणारे थांबून पाहतात. वाड्याच्या आराखड्यावर कोणाची सही नाही. पण खणाच्या मापात बसवलेला चौक, पावसाच्या दिशेला धरलेली ओसरी, जोत्याची उंची हे सगळे कोणीतरी विचारपूर्वक ठरवले होते. तो सुतार होता, गवंडी होता, इतकेच. हीच गोष्ट बॅटलींना कळली होती. त्यांचे भारतीय वास्तुरचनेवरचे पुस्तक म्हणजे मोजमापी आरेखनांचा संग्रह आहे. जे. जे. मध्ये अनेक वर्षे शिकवणाऱ्या माणसाला जुनी घरे मोजण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्याला वाटतो. म्हणून आपल्यातलेच काही जण भेंड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून मोकळे होतात. ओल आत कोंडते, माती फुगते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि मग भिंत ‘गेली’ असा निकाल देणारेही तेच. चुना महाग, चुना मिळत नाही, ही सबब आता पुरे. चुन्यात घालायचा गूळ इथला आहे. हिरडा तर आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबे दरवर्षी गोळा करतात आणि भाव नाही म्हणून हवालदिल होतात. आपण तो विकत घेत नाही, हे आपले अपयश आहे.

नगरपरिषदेने आणि दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनी नोटिशीसोबत दुरुस्तीचा एक पानी अर्ज जोडावा, त्यात लाकडी सांगाड्याचा रकाना ठेवावा आणि आधार देण्याच्या तातडीच्या कामाला एका सहहिस्सेदाराची सही पुरेशी मानावी. याची मागणी आपण लेखी करू.

पण सभासदहो, त्याची वाट पाहू नका. धोकादायक म्हणून सही करण्याआधी घराचे तलविन्यास, छेद आणि चौकटींचे तपशील मोजून काढा, सोबत दुरुस्तीचे अंदाजपत्रक द्या आणि मालकाला ते वाचून दाखवा. आरेखनांची एक प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती छापू आणि जपून ठेवू. यंदाच्या नोटिसा लागल्या आहेत. मृग लागण्याआधी प्रत्येकाने निदान एक वाडा मोजावा.