सही उसनी देऊ नये

मैत्रिणींनो, शेजारणीला विरजण द्यावं, वाटीभर साखर द्यावी, अडीनडीला चार पैसेही द्यावेत. पण आपली सही? ती उसनी द्यायची गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्समधल्या कामीय कोरो या निसर्गचित्रकाराचंच बघा ना.

कोरो १७९६ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईचं बायकांच्या टोप्यांचं दुकान छान चालायचं. मुलगा मात्र कापडाच्या धंद्यात रमेना. अखेर तो २६ वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला वर्षाला १५०० फ्रँक देऊ केले. आधी ही रक्कम त्याच्या बहिणीसाठी होती, पण ती वारली होती. त्या आधारावर तो इटलीला गेला, झाडं, पाणी, उजेड रंगवत राहिला. पन्नाशीपर्यंत चित्रं फारशी खपली नाहीत. पुढे नाव झालं, पैसा आला आणि त्याने तो दोन्ही हातांनी वाटला. दृष्टी अधू झालेल्या दोमिए या चित्रकाराला घर मिळवून दिलं. १८७५ मध्ये मिले हा चित्रकार गेला, तेव्हा त्याच्या पत्नीला १० हजार फ्रँक दिले.

इथवर हात जोडावेत असाच माणूस. पण कुणी शिष्य किंवा गरजू चित्रकार त्याच्या चित्राची नक्कल घेऊन आला, की कोरो तिच्यावर थोडा हात फिरवायचा आणि खाली चक्क स्वतःची सही करायचा! बिचाऱ्याचं चित्र विकलं जाईल, एवढाच हेतू. पण खरं-खोटं ओळखणंच अवघड झालं आणि नकली माल खपवणाऱ्यांचं फावलं. एका फ्रेंच संग्राहकाने कोरोची म्हणून जमवलेली २४१४ चित्रं नकली ठरली. ‘कोरोने ३ हजार चित्रं काढली, त्यातली १० हजार अमेरिकेत आहेत,’ असा विनोदच रूढ झाला.

लोक म्हणतात, केवढं मोठं मन! मला नाही पटत. पैसे दिले ते त्याच्या खिशातून गेले. सहीची किंमत मात्र चित्र विकत घेणाऱ्याने मोजली. त्या शिष्यानेही मोजली. त्याच्या कामावर त्याचं नाव राहिलंच नाही.

आपल्याला तर ‘इथे सही कर गं’ म्हटलं की पुरे. कर्जाला जामीन असो की सरपंचबाईंपुढचा ठराव, कागद न वाचताच सही होते. घरच्यांना नाही कसं म्हणायचं? तर असं म्हणायचं, ‘ठेवा इथे, वाचते, पटलं तर करते.’ रागावले तर चार दिवस रागावू देत.