रक्त येतंय? मग घासाच

ब्रशला रक्त लागलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कुणी चार दिवस ब्रश बाजूला ठेवून चुळांवर भागवतं. कुणी मिश्री लावतं, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. जरा बरं वाटतं, आणि दुखण्यापुरती लावलेली मिश्री मग सुटत नाही. दोन्ही उपाय आजाराच्याच पथ्यावर पडतात.

कारण बहुतेक वेळा रक्ताचा दोष ब्रशकडे नसतो. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरानं ती आधीच सुजलेली असते. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला, 1965 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झाल्यावर बऱ्याही झाल्या. या टप्प्यावरचं औषध आपल्याच हातात असतं: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, हलक्या हातानं, दिवसातून दोनदा.

हा टप्पा हुकला की त्या थराचं किटण होतं. ते ब्रशला दाद देत नाही. हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. हे सगळं बहुधा न दुखता. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर रक्तही कमी येतं, म्हणजे इशाराच दबतो. मधुमेहात हा आजार बळावतो आणि उलट साखरही आटोक्यात राहू देत नाही.

तरी "मशीननं साफ केलं की दात हलतात" म्हणून माणसं दवाखाना टाळतात. दात हलतो हाड गेल्यामुळे. किटण काढल्यावर ते फक्त कळतं.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत हा कायदा पोचत नाही, आणि मिश्री लावणाऱ्या बाईला नुसतं हिणवूनही काही साधत नाही. ते व्यसन आहे. सोडवायला मदत लागते. म्हणून मधुमेहाच्या आणि गरोदरपणाच्या तपासणीत दोन प्रश्न सक्तीचे करावेत: हिरड्यांतून रक्त येतं का? मिश्री किंवा तंबाखू लावता का? उत्तर 'हो' आलं, तर तिथल्या तिथे दंतवैद्याच्या नावची चिठ्ठी हातात पडावी. कवळीपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल.