बाटली 'गोंडकालीन' कशी ठरते?

१/ जिवती तालुक्यातील माणिकगडाच्या मातीतून निघालेली काचेची बाटली केवळ तेवढ्यावरून 'गोंडकालीन' ठरवणे, हे इतिहासाचे काम नव्हे. चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये संपवले. बाटली मात्र गेल्या वर्षीच्या सहलीतलीही असू शकते.

२/ काचेचे वय काचेच्याच अंगावर वाचावे लागते. साच्याच्या जोडाची रेघ ओठावरून पार गेली असेल, तर बाटली यंत्रावर घडलेली. मायकेल ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्राचे पेटंट १९०४ चे. त्याआधी अशी बाटली विरळाच. रेघ मानेपाशीच थांबली, तर ओठ बहुधा हाताने घडवलेला. तळाला सळईचा खरखरीत व्रण असेल, तर काच फुंकून केलेली. पण हातकाम आजही चालते, हेही विसरू नये.

३/ बुडबुडे हा तर सर्वांत दुबळा पुरावा. मंद भट्टी कोणत्याही शतकात बुडबुडे देते. आकारही फसवतो. गोटीसोड्याची बाटली हायरम कॉडने १८७० च्या दशकात आणली आणि ती अजून विकली जाते. आकारावरून 'याच्या आधीची नाही' एवढेच कळते.

४/ उठावाची अक्षरे असतील तर नशीबच! तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ चा. त्यांचे नाव असलेली वस्तू त्याहून जुनी असूच शकत नाही.

५/ 'ब्रिटिशकालीन' हा शिक्काही इथे उसना आहे. जिवती ज्या राजुरा तालुक्यात होती, तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या चांद्याचा इतिहास उचलून इथे चिकटवणे म्हणजे राजुऱ्याचा मुक्तिलढाच पुसणे.

६/ आणि विक्रेत्याचा दावा खरा धरला तर? १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुराणवस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. 'तीनशे वर्षे जुनी, लगेच मेसेज करा' म्हणणारा एक तर खोटे बोलतो, नाहीतर कबुलीजबाब देतो.

७/ खरे नुकसान मात्र उकरण्यात आहे. भिंतीच्या पायाखालच्या अविचल थरात ओगल्यांच्या नावाची बाटली मिळाली, तर ती भिंत १९१६ नंतरची, हे निःसंशय सांगता येते. तीच बाटली फोटोसाठी उपसून, धुऊन फळीवर मांडली की भिंतीविषयी ती काहीच सांगू शकत नाही.