तड्याची तारीख

मंडळी, आमच्या मलकापुरात पावसाळा सरला की गवंड्याचा भाव वाढतो. भिंतीला तडा दिसला की सिमेंट भरायचं, वरून रंग मारायचा, झालं! माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तडा बुजवा, पण आधी त्याची नोंद करा.

कारण सांगतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो, तिथे दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. धरणातल्या यंत्राने हादरे टिपले होते आणि तडे कुठे गेले तेही लिहून ठेवलं गेलं. एवढ्या दोन नोंदींनी कोयना जगभर पोचली! १९७३ साली अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने संगणकावर गणित मांडलं, तर सगळ्यात जास्त ताण नेमका त्या उताराच्या जागी निघाला. आजही तडा कसा पसरेल हे सांगणारा नवा प्रोग्राम लिहिला, की अभ्यासक तो कोयनेवर तपासून बघतात.

हे चालतं कसं? भिंतीचे हजारो तुकडे कल्पायचे. ज्या तुकड्यावरचा ताण सोसण्यापलीकडे जाईल तो तुटला म्हणायचं, त्याचा भार शेजाऱ्यांवर टाकायचा आणि पुन्हा हिशोब करायचा. काँक्रीट, काच, दगड वाकत नाहीत; ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. पण गंमत अशी, की तुकडे लहान-मोठे केले तर कधी कधी तड्याची वाटही बदलते. मग खरं कुठलं? ते खरी भिंतच सांगणार.

म्हणून वाटतं, संगणकाचं कौतुक जरूर करावं, पण त्याची परीक्षा घेणारी नोंद आधी हवी. शाळेच्या, देवळाच्या, घराच्या भिंतीवर तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ आणि तारीख लिहा. तड्यावर आडवी काचेची पट्टी पक्की बसवा. तडा हलला तर काच फुटेल. खर्च जवळजवळ नाहीच. रंग मारलेला तडा मात्र आत वाढत असला तरी कुणाला कळत नाही, आणि त्या भिंतीखाली आपलीच पोरं बसतात.

तुमच्याकडे कुणी अशी नोंद ठेवतं का? जरूर कळवा.